जंगलाची फेरी: वहीत काय लिहायचं आणि कशाला हात लावायचा नाही

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याच्या आणि राखण्याच्या हक्काचा, दावा मंजूर होतो, कागद हातात येतो, ग्रामसभा समिती नेमते. पुढे काय? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियातल्या कितीतरी गावांत काम इथंच अडतं. पोरं तयार असतात. पण जंगलात जाऊन काय बघायचं, काय लिहायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग पावसाळ्यात एक दिवस झाडं लावली जातात, बुद्धपौर्णिमेला दोघंतिघं प्राणी बघायला मचाणावर बसून येतात आणि वर्ष सरतं. मचाणावरची रात्र जरूर अनुभवावी, त्यातून जंगलाची ओढ लागते. पण राखण वेगळी. राखण म्हणजे ठरलेल्या वाटेवरून, ठरलेल्या वारी काढलेली आणि वहीत उतरवलेली फेरी. बाकीची सगळी कामं त्या फेरीतूनच निघतात.

आधी हद्दीचं. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ मुळे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. ताडोबा, नागझिरा, बोर, टिपेश्वर अशा ठिकाणी स्वयंसेवकाचं काम वनविभागाच्या लेखी परवानगीने आणि वनरक्षकाच्या सोबतीनेच होतं. अशा जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावात ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असते, इतरत्र संयुक्त वन व्यवस्थापन समिती. तिच्यामार्फत गेलं तर काम सोपं होतं. सामूहिक वनहक्काच्या जंगलात मात्र ग्रामसभेला स्वतःचा अधिकार आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ मध्ये जंगल, वन्यजीव आणि जलस्रोत राखण्याची सत्ता ग्रामसभेला दिली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला, त्यानंतर विदर्भातल्या शेकडो गावांना मिळाला. तरीसुद्धा फेरीला निघताना बीटच्या (म्हणजे जंगलाच्या त्या भागाच्या) वनरक्षकाला फोन करायची सवय ठेवा. परवानगी मागायला नाही, कोण कुठे आहे हे कुणाला तरी ठाऊक असावं म्हणून.

वनरक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी, वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आणि महावितरणचा गावातला लाइनमन, हे चार नंबर वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी उतरते, पुठ्ठा उतरत नाही. कुठल्या टेकाडावर रेंज मिळते ती जागाही नकाशावर खुणेने दाखवा.

सगळं जंगल फिरणं कुणालाच जमत नाही. तीन-चार वाटा ठरवा, प्रत्येक ३ ते ५ किलोमीटरची. एक नाल्याच्या काठाने, एक शेताच्या धुऱ्याला (बांधाला) लागून, एक पाणवठ्यावरून, एक पहाडीवरून. प्रत्येक वाटेवर आठवड्याला एक फेरी. चारपाच जण हवेत आणि त्यांतला एक तरी असा हवा ज्याने गुरं राखली आहेत किंवा मोहफुलं वेचली आहेत. वेग तासाला दोन किलोमीटरच्या वर नको, नाहीतर खुणा निसटतात. देशभरच्या व्याघ्रगणनेतही हीच पद्धत आहे. मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधायला एका बीटमध्ये ५ किलोमीटर प्रमाणे तीन दिवस चालतात, आणि तृणभक्षींसाठी २ किलोमीटरची सरळ रेषा आखून तीच पुन्हा पुन्हा चालतात. गावाने ही शिस्त उचलावी. गावाला वाघ मोजायचे नाहीत, आपल्या वाटेवर काय वाढतंय आणि काय घटतंय एवढं कळायला हवं.

उन्हं वर आल्याशिवाय निघू नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला वाघ, बिबट, अस्वल यांची ये-जा असते. दाट झुडपातून जाताना बोलत चला. अस्वल जवळून दचकलं की अंगावर येतं, आधी आवाज मिळाला तर बाजूला होतं. वाकून बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. म्हणून लेंड्या मोजायला किंवा फोटो घ्यायला एकजण बसला तर बाकीच्यांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं. एवढा नियम पाळा, बाकी काही विसरलात तरी चालेल.

आता वही. वर तारीख, वाटेचं नाव, कोण कोण होते, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, किती किलोमीटर चाललो, हवा कशी होती. खाली प्रत्येक खुणेला एक ओळ. आणि काहीच दिसलं नाही तर तसं स्पष्ट लिहायचं. सगळ्यात जास्त वेळा राहून जाते ती हीच ओळ, आणि तीच राहिली की बाकीच्या नोंदी खोट्या ठरतात. समजा मार्चमध्ये नाल्याच्या वाटेवर ५ किलोमीटरच्या चार फेऱ्या झाल्या. दोन फेऱ्यांत मिळून सांबराच्या सहा खुणा मिळाल्या, दोन कोऱ्या गेल्या. हिशेब २० किलोमीटरला ६, म्हणजे किलोमीटरला ०.३. कोऱ्या फेऱ्या लिहिल्याच नाहीत तर तोच आकडा १० किलोमीटरला ६, म्हणजे ०.६ होतो. सांबर वाढलेलं नाही, दोन ओळी गाळल्या आहेत.

खूण एकदाच मोजली जावी म्हणून नोंद झाल्यावर मातीतला ठसा पायाने पुसून टाका. विष्ठेला हात लावू नका, शेजारी एक काडी रोवा. काडी दिसली की पुढच्या फेरीवाल्यांना कळतं.

ठशाचा फोटो काढायची रीत ठरलेली हवी. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून नंतर माप काढता येतं. मोबाइल ठशाच्या बरोबर वर, जमिनीला समांतर धरा. तिरका धरला तर लांबी फसवते. सकाळचं तिरपं ऊन असेल तर कडा उठून दिसतात, दुपारी बाराचं ऊन ठसा सपाट करून टाकतं. नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा, रानकुत्रा किंवा तडस. वाघ-बिबट नखं आत ओढून चालतात, चिखलात घसरले तरच नखं दिसतात. तडसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. बिबटाच्या ठशाची रुंदी साधारण ७-८ सेंटिमीटर, मोठ्या वाघाची ११ च्या पुढे. अडचण होते ती वाघाच्या बछड्याच्या ठशाशी. त्याचा ठसा बिबटाएवढा असू शकतो. मग आजूबाजूला आईचे ठसे शोधायचे आणि खात्री नसेल तर 'मोठं मांजर, नक्की नाही' असंच लिहायचं. एकेक वाघ ठशांवरून ओळखून मोजायची जुनी पद्धत वनविभागानेच सोडून दिली, तेव्हा गावानेही तो मोह टाळावा. ठसा सांगतो की कुणीतरी इथून गेलं. तेवढं पुरेसं आहे.

अस्वलाची विष्ठा ओळखायला सोपी: ढीग मोठा, आत ऋतूप्रमाणे बोरं, टेंभरं, चारोळी यांच्या बिया, नाहीतर वाळवीची डोकी. मोहाच्या दिवसांत अशी विष्ठा मोहाच्या वाटेवर दिसली तर ती वहीत ठेवायची गोष्ट नाही, त्याच संध्याकाळी गावात दवंडी द्यायची गोष्ट आहे.

जागेची नोंद मोबाइलवरून घेताना एक घोळ नेहमी होतो. एकाचा फोन अंश-मिनिटांत आकडे दाखवतो, दुसऱ्याचा दशांशात. २० अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात २०.५. ते वहीत २०.३० असं उतरलं की नकाशावरची जागा ०.२ अंशांनी, म्हणजे जवळपास २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते. सगळ्यांचे फोन एकदाच बसून दशांशावर लावून घ्या.

धुऱ्याच्या वाटेवर नजर वेगळी लागते. धान पोटरीवर आलं की सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि हरभरा-गव्हाच्या दिवसांत जानेवारी-फेब्रुवारीत, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) आडवायला काही जण ११ केव्हीच्या तारेवर आकडा टाकून शेताभोवती वीज सोडतात. त्यात वाघ मरतात, गुरं मरतात आणि माणसंही मरतात. ओळखायचं कसं? धुऱ्याला समांतर रोवलेल्या छोट्या खुंट्या, त्यांच्या डोक्यावर बाटलीच्या माना किंवा प्लास्टिक पाइपचे तुकडे, आणि फूट-दीड फूट उंचीवरून गेलेली बारीक बांधायची तार. ती तार एका बाजूला विजेच्या खांबाकडे जाते. अशी तार दिसली की जागेवर थांबा. जमीन ओली असेल तर तारेच्या आसपास जमिनीतही वीज उतरलेली असते, म्हणून लांब ढांगा न टाकता पाऊल घसटत आल्या वाटेने मागे या. काठीने तार उचलायची नाही, दगड मारायचा नाही. आधी लाइनमनला फोन करून लाइन बंद करायची, मग वनरक्षकाला. बॅटरीवर चालणारं झटका मशीन ही वेगळी चीज आहे, त्यात क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून परत येण्यापेक्षा त्याला झटका मशीन कुठल्या योजनेतून मिळेल हे समितीने शोधून द्यावं. पीक राखायची दुसरी सोय दिसली की आकडा निघतो.

फासे याहून लपलेले असतात. मोटरसायकलच्या क्लचची तार वेटोळं करून रोपट्याला बांधलेली, जनावरांच्या पायवाटेवर. सशासाठी वीतभर उंचीवर, डुकरासाठी टोंगळ्याएवढ्या (गुडघ्याएवढ्या) उंचीवर. दोन्ही बाजूंना काट्याकुट्यांचं कुंपण घातलेलं असतं, म्हणजे जनावर बरोबर त्या फटीतून जावं. जंगलात विनाकारण घातलेलं कुंपण दिसलं की त्याच्या कडेकडेने शेवटपर्यंत जा, फासा एकटा क्वचितच असतो. काढायची घाई नको. फोटो, जागा, वनरक्षकाला फोन, आणि तो येऊन पंचनामा करेपर्यंत दोघांनी लांब थांबायचं. आधीच उपटून आणला तर पुरावा गेला. कणकेचा किंवा चरबीचा गोळा वाटेवर पडलेला दिसला तर त्याला अजिबात हात लावू नका. डुकरांसाठीचा गावठी बॉम्ब तसाच दिसतो.

आता आग. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलाचं सगळ्यात मोठं काम हेच. हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. आग आपोआप लागते हा गैरसमज काढून टाकायला हवा. आपल्याकडे जवळपास सगळ्या आगी माणसाच्या हातून लागतात. मोहाखालचा पाला जाळून फुलं वेचायला जागा मोकळी करणं, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून जाळणं, गवत चांगलं यावं म्हणून जाळणं, विडीचं थोटूक. यांत मोह आणि तेंदू हे घरात पैसा आणणारे हंगाम आहेत, तेव्हा 'जाळू नका' असा फलक लावून काही होत नाही. जाळण्याऐवजी काय करायचं ते दाखवावं लागतं.

मोहासाठी जाळी. हिरवी शेडनेट किंवा जुन्या लुगड्यांची शिवलेली चादर झाडाच्या घेराखाली चार-सहा खुंट्यांना बांधायची, जमिनीपासून हातभर वर आणि मध्ये किंचित झोळ राहील अशी. फुलं रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात, ती झोळात जमतात. माती-खडा लागत नाही म्हणून भाव बरा येतो. आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे: बायांना पहाटे अंधारात वाकून वेचायला जावं लागत नाही. नऊ वाजता जाऊन चादर गोळा करता येते. गुरं आणि चितळं आधी खाऊन जातात ही तक्रार खरी आहे, त्यासाठी एकेका वाडीने पाळीने एकाला उजाडल्यावर राखणीला ठेवावं. जिथं जाळी परवडत नाही तिथं खराट्याने पाला झाडून घेराच्या बाहेर खड्ड्यात भरा. बुंध्याशी ढीग करू नका. तिथं ठिणगी पडली तर साल भाजते आणि झाड पोकळ होत जातं.

तेंदूचं उत्तर छाटणी. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत खुटं जमिनीलगत धारदार विळ्याने छाटली की दीड-दोन महिन्यांनी कोवळं, मोठं पान येतं. जाळलेल्या जागेवर पालवी येते खरी, पण त्याच आगीत बाकीची रोपं, चारोळीची कोवळी झाडं, जमिनीवरची घरटी सगळं जातं. ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करत असेल तर 'जळालेल्या पट्ट्यातलं पान फळीवर (पान गोळा करायच्या जागी) घेणार नाही' असा ठराव आधीच करून ठेकेदाराला कळवावा. असा ठराव कागदावर न राहता अमलात येतो, कारण तो पैशाला हात घालतो.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा. गावाच्या कामाला ३ ते ६ मीटर रुंदी पुरते. हद्दीने, बैलगाडीच्या जुन्या वाटेने, नाल्याच्या कोरड्या पात्राने काढली की मेहनत निम्मी होते. गवत कापून, पाला मातीपर्यंत झाडून काढायचा. चुकतं ते असं: रेषा जानेवारीत काढतात, फोटो काढतात आणि काम संपलं म्हणतात. पण साग, ऐन, धावडा यांची पानगळ मार्चपर्यंत चालूच असते. फेब्रुवारीच्या शेवटी ती रेषा पुन्हा पानांनी भरलेली असते आणि आग तिच्यावरून सहज चालत जाते. म्हणून एकच रेषा तीनदा झाडायची असं धरूनच मनुष्यबळ मोजा: जानेवारीअखेर, फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या मध्याला. ब्लोअर मशीन असेल तर दोन माणसांचं काम होतं. नसेल तर बांबूचा लांब खराटा. रेषेच्या कडेचं वठलेलं उभं झाड बघून ठेवा. ते पेटलं तर ठिणग्या उंचावरून रेषेच्या पलीकडे पडतात, अशा ठिकाणी रेषा थोडी वळवलेली बरी.

आग लागलीच तर? उपग्रहावरून दिसलेल्या आगीचा संदेश डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाइलवर येतो, त्यासाठी नाव नोंदवता येतं. पण संदेश येईपर्यंत वेळ गेलेला असतो. गुराख्याचा फोन लवकर येतो. गेल्यावर वारा कुठून आहे ते आधी बघा. आगीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. शेपटीकडून, जळालेल्या बाजूने सुरुवात करून दोन्ही कडांनी तोंडाकडे सरकायचं. हिरव्या पानांची माणसाच्या खांद्याएवढी लांब फांदी घेऊन जमिनीवर दाबून मारायची. वर उचलून झोडपलं तर ठिणग्या उडतात. दुपारी बारा ते चार आग धावते आणि पेटलेली सागाची मोठी पानं वाऱ्यावर उडून पुढे पडतात. त्या वेळी फक्त रेषा सांभाळा. रात्री आणि पहाटे हवेत ओल येते, आग खाली बसते, विझवायची खरी वेळ ती. मात्र वाघाच्या भागात रात्रीचं काम वनविभागाच्या माणसांसोबतच. उलटी आग लावणं (येणाऱ्या आगीसमोर मुद्दाम दुसरी आग लावणं) शिकलेल्या माणसाशिवाय कुणी करू नये. फुलोरा येऊन वाळलेल्या बांबूच्या बेटाजवळ जाऊ नका, पेरं फुटून निखारे उडतात. अंगात सुती कपडे, पायात बूट, ओला दुपट्टा, माणशी तीन लिटर पाणी. टेरिकॉटचा शर्ट पेटला की वितळून कातडीला चिकटतो. विझल्यावरही दोघं दुसऱ्या दिवसापर्यंत तिथं लक्ष ठेवून असावेत, ओंडका आतून धुमसत राहतो.

पाणवठा उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी बघा, पण थेट काठावर जाऊ नका. भर दुपारी वाघ पाण्यात बसलेला असतो. शंभर मीटरवरून दुर्बिणीने आधी बघून घ्या. काठाशी मेलेल्या मधमाश्या, बेडूक, मासे किंवा पक्षी दिसले, पाण्याला औषधाचा वास आला, कडेला पांढरे दाणे दिसले, तर विषाची शंका धरायची. पाणी उपसून नाल्यात सोडू नका, विष खाली पसरतं. काट्या टाकून काठ अडवा आणि वनविभागाला बोलवा, नमुना त्यांनीच घ्यायचा. सिमेंटचं टाकं बांधायचं असेल तर बशीसारखं उथळ, निदान एक बाजू सरळ उताराची. उभ्या कडेच्या टाक्यात पिल्लं, साळिंदर, पक्षी बुडून मरतात. आत दोनतीन दगड ठेवा, मधमाश्यांना बसायला जागा होते. पण टाकी वाढवत जाणं हा माझ्या मते चुकीचा हव्यास आहे. सगळी जनावरं एका जागी आली की रोग पसरतो आणि शिकाऱ्याचं काम सोपं होतं. नाल्याच्या वाळूत जुना झिरा (पाझराच्या पाण्याचा खड्डा) असेल तर तो उकरून मोकळा करणं कधीही चांगलं. गावाजवळ तर नवं पाणी नकोच, पाण्यामागे चितळ येतं आणि चितळामागे वाघ.

पावसाळ्याचं काम रायमुनिया, म्हणजे जंगलात माजणारी घाणेरी, काढणं. वरून कापली तर बुडातून दुप्पट फुटते, जाळली तरी फुटते. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन मऊ असताना मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचं, म्हणजे फुटवे येणारा भाग वर निघून येतो. मग झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. आडवं टाकलं तर फांद्या पुन्हा मातीत मुळं धरतात. फळं धरायच्या आत हे व्हायला हवं. पक्षी बिया खाऊन मोठ्या झाडांवर बसतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं रोपटी त्याच झाडांखाली आणि नाल्याच्या काठाने उगवतात. तिथं जाऊन ती हाताने उपटायची. एक एकर साफ करून तीन वर्षं सांभाळणं हे दहा एकर एकदा साफ करून सोडण्यापेक्षा बरं, कारण मोकळी झालेली जमीन रिकामी राहत नाही, रायमुनिया नाहीतर तरोटा (टाकळा) तिचा ताबा घेतो. तिथं आधीपासून असलेल्या मारवेल, पवन्या यांसारख्या गवतांचं पिकलेलं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करून ठेवा आणि पुढच्या पावसात मोकळ्या जागेवर मातीच्या वरच विखरा. खोल पुरलं तर उगवत नाही.

वाघाचा, सारसाच्या घरट्याचा किंवा गिधाडांच्या झाडाचा फोटो जागेसकट व्हॉट्सअॅपवर जाऊ देऊ नका. फोटोच्या आत जागेचे आकडे लपलेले असतात, तसाच फाइल म्हणून पाठवला तर तेही सोबत जातात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती नोंद बंद करता येते. फेरीला लागणारी जागा वहीत आहेच.

जूनच्या ग्रामसभेत वही मोठ्याने वाचा, वाटेप्रमाणे. कुठली वाट कोरी पडत चालली, फासे कुठे मिळाले, रेषा कुठे तुटली. जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर यातल्या नोंदी लोकजैवविविधता नोंदवहीत चढवा. पानांचे फोटो काढून दोन वेगळ्या घरांत ठेवा.

आणि मजुरीचं स्पष्ट बोला. फेब्रुवारी ते जून हा रोजगाराचाही हंगाम असतो. त्या दिवसांत जाळरेषेवर फुकट उभं राहायला सांगितलं तर ज्याच्या घरी खायला आहे तोच येतो आणि तोही पंधरा दिवसांनी थांबतो. आठवड्याची फेरी हौसेने होऊ शकते, आगीची राखण नाही. तेंदू-बांबूच्या उत्पन्नातून ग्रामसभेने आगराख्यांची मजुरी आणि अपघात विमा काढावा. ठराव डिसेंबरच्या ग्रामसभेतच व्हावा आणि त्यात किती माणसं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि रोजाने किती रुपये हे तीन आकडे लिहिलेले असावेत.